सरावाच्या खोलीची कडी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, नल्लकुंटा

आज चर्चमध्ये सॅम्युएलअण्णा सगळ्यांसमोर माझ्यावर भडकले. क्वायर मी शिकवते, ऑर्गन ते वाजवतात. नाताळच्या गाण्यासाठी आठवीतल्या रूथला सरावानंतर थांबवून, दार लावून शिकवणार म्हणे.

मी म्हटलं, "शिकवा ना अण्णा. पण दार उघडं, आणि तिची आई खोलीत."

"बाहेर ऑटोंचा केवढा गोंगाट! आणि माझ्यावर संशय घेतेस?"

घेतला का मी संशय? नाही. मीसुद्धा कुठल्या मुलीला दाराआड एकटीला शिकवत नाही. नियम म्हणजे नियम. पण अण्णांना नाही म्हणायची रूथची टाप आहे का?

पास्टर म्हणाले, "कशाला परेशान होता ताई, जाऊ द्या."

नाही जाऊ देणार! सगळे गेल्यावर पान्याने दाराची कडीच काढली. आत्ता इथे टेबलावर आहे, चहाच्या कपाशेजारी. गंजकी, बोटभर कडी, आणि तिच्यासाठी एवढा तमाशा!

उद्या विचारतील. सांगेन, मीच काढली. नाताळचंच गाणं आहे ना? मग रस्त्याने ऐकलं तर बिघडलं कुठे?

कडी परत मिळणार नाही.