आप्पांची नळी

रावेत,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांना पूनमचा नमस्कार.

आईच्या गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल पोचलं का? तुमची तब्येत विचारत नाही, कारण फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहायला बसले. पत्र तरी आईकडे देऊ नका.

एक नवल सांगायचंय. तळेगावला गणराज नावाचा एकजण जुन्या गाड्या दुरुस्त करतो. त्याच्या शेडमध्ये एक लाल स्पोर्ट्स कार आलीय, माझ्याहून वयानं मोठी, आणि इतकी बुटकी की छत माझ्या कमरेला लागतं. तिला जुन्या पद्धतीचं फ्युएल इंजेक्शन होतं. मी बारा वर्षं चाकणच्या कंपनीत इंजेक्टर तपासते, म्हणून त्यानं मला बोलावलं. पण त्या पंपाचे सुटे भाग आता मिळतच नाहीत. शेवटी मालक म्हणाले, इंजेक्शन काढा आणि कार्ब्युरेटर बसवा. मला हसूच आलं. सगळी दुनिया कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनकडे गेली, त्यापायीच तर तुमचं पिंपरीचं कार्ब्युरेटरचं गॅरेज बंद पडलं.

दोन जुळे कार्ब्युरेटर बसवले, म्हणजे हवा ओढणारी चार तोंडं. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सवयीनं मी पंप इंजेक्शनचाच ठेवला होता. त्याच्या दाबानं पेट्रोल भळाभळा बाहेर आलं आणि गणराज वाळूची बादली घेऊन धावला. तुम्ही काय म्हणाला असता ते मला तिथंच ऐकू आलं. "त्येला ढकलून पाजायचं न्हाई, पोरी. त्येचं त्ये वढून घेतंय."

मग कमी दाबाचा पंप लावला. हवा मोजायचा गेज घेऊन चारही तोंडं सारखी केली. आकडे तंतोतंत जुळले, तरी गाडी गचके खायची थांबेना. तीन रविवार असेच गेले.

काल मी गणराजकडून हातभर रबरी नळी मागून घेतली. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, तुम्ही धरायचा तशी. आप्पा, इंजिन श्वास घेतं. हे मी लहानपणापासून तुमच्याकडून ऐकत आले आणि तुमचं लाडाचं बोलणं समजून सोडून देत आले. पण ते खरंच घेतं. एक, दोन, तीन, चार, आपापल्या पाळीनं. मग नळी खाली सांध्यांवरून फिरवली, तर तिसऱ्याच्या खाली बारीक शीळ. तिथं सांधा बंद ठेवणारं गास्केट बाहेरची हवा खात होतं. गेज मोजणार तोंडाशी, त्याला सांध्याचं काय कळणार? गास्केट बदललं आणि इंजिन असं एका लयीत चालू लागलं, की गणराज हातात पाना धरून नुसता उभा राहिला. मी रडले, तेही सांगते.

रडले ते निव्वळ आनंदानं नाही. गेल्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडायला तुम्ही तुमची नळी शोधत होतात. पलंगाखाली, माळ्यावर, अगदी दुपारपर्यंत. मी म्हटलं, भागूबाईंनी साफसफाईत टाकली असेल. खोटं बोलले. ती मी टाकली. कचरा समजून नाही, ओळखून टाकली. संध्याकाळी कंपनीतले लोक फराळाला येणार होते. पाटावर ती काळी, चिकटपट्टी गुंडाळलेली नळी बघून ते काय म्हणतील, याची मला लाज वाटली. तुम्ही पूजा न करताच उठलात. हळदकुंकू वाटीतच राहिलं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही आईला घेऊन माझ्या घरून गावाकडची, कोरेगावची एसटी धरलीत.

भागूबाईंना मी आज सकाळी खरं सांगून टाकलं, माफी मागितली. त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाव व्हतं. तुमच्या वडलांनाबी ठाव हाय."

खरं का हे, आप्पा? वर्षभर तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी माझा फोन उचलत राहिलात?

यंदा खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. काल आणलेली ती नळी मी पाटावर मधोमध मांडणार आहे. कंपनीतल्या सगळ्यांना मुद्दाम बोलावलंय. हळदकुंकू मात्र तुमच्या हातून लागावं. मालक दसरा झाला की गाडी नेणार आहेत. त्याआधी तुम्ही एकदा तिला कान लावा. तुम्ही "बरं हाय" म्हणालात, तरच मी ती शेडबाहेर सोडेन.

तुमचीच, तुमची नळी टाकणारी,
पूनम