गप्प म्हातारीचे फुगे

२ मार्च

तीन पुस्तकं पाठवलीस, आणि एकातही म्हातारीला धड जगू दिलेलं नाही. आधी हे ऐक, मग आशीर्वाद घे.

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे ठीक. गुडघा आहे तिथेच आहे. लाँड्रीत कपडे भरपूर, माणसं कमी.

तुमच्या कचेरीत वयात आलेल्या पोरांसाठी पुस्तकं छापतात आणि पुढचं कुठलं घ्यावं ते तुला सांगायचंय, म्हणून माझं मत मागितलंस. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा मताला भाव देऊ नकोस.

कादंबरीत आजी मरते आणि नातीला एकदम शहाणपण सुचतं. म्हातारी जिवंत होती तोवर ही काय झोपा काढत होती? पण नंतर ती रिकाम्या खाटेवरची चादर बदलते, ते बरं लिहिलंय. मी मागे जाऊन पुन्हा वाचलं. रडले नाही.

नाटक मोठ्याने वाचलं. कंसात ‘थांबून’ असेल तिथे थांबत गेले. एकदा मी थांबले आणि इस्त्रीही शर्टावर थांबली. शर्ट गेला. त्यातली आजी बहिरी, लोकांना हसवण्यापुरती. भावंडं मात्र भावंडांसारखी भांडतात, एकमेकांचं ऐकून न घेता.

तिसरं चित्रांचं, जाड सुट्या कागदांवर. लेकीला घर सोडायचंय, बाप सोडत नाही. माणसांच्या तोंडाशी फुगे काढलेत आणि आत बोलणं लिहायचं विसरलेत. मी लिहिलं. कोपऱ्यात खुर्चीवर आजी आहे, तिला तर फुगाच नाही. घरात एवढा तमाशा आणि म्हातारी गप्प? तिला मी फुगे काढून दिले. ती नातीला म्हणते, बापाला आधी जेवू दे, मग भांड. बापाला म्हणते, तू हिच्या वयाचा असताना दोनदा पळाला होतास, आम्ही काय पायात दोरी बांधली? गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर नंबर घालायच्या पेनाने लिहिलंय, धुतलं तरी जात नाही.

हेच छापा. शेवटची पानं आली नाहीत, ती पाठव.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला घरात जागा नाही.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि परत पाठवलेला गठ्ठा मिळाला. गठ्ठा उघडला आणि मी खुर्चीत बसले ते उठलेच नाही.

आजी, ती छापलेली पानं नव्हती. चित्रकाराने हाताने काढलेली मूळ पानं होती. बोलणं तो सगळ्यात शेवटी लिहितो. तुला झेरॉक्स पाठवायची होती, पण मशीन बिघडलं होतं आणि मला धीर नव्हता. म्हणजे चूक आधी माझी.

पण फुग्यांपेक्षा त्याला म्हातारीचं जास्त लागलंय. तिची वाचा गेलेली आहे. ती पुस्तकभर गप्प असते आणि शेवटच्या पानावर एकच शब्द बोलते. सगळं पुस्तक त्या शब्दासाठी आहे. तू तिला पहिल्याच पानापासून बोलती केलीस.

तुझी शाई पांढऱ्या रंगाखालूनही वर येते. बरीच पानं त्याला पुन्हा काढावी लागतील आणि त्याचं मनगट दुखतं. पुस्तक मागे घेऊ का, असा विचार तो करतोय. संपादक बाईंनी मला शांतपणे सांगितलं की त्याने मागे घेतलं तर मीही घरी जायचं. नोकरीत अजून पक्की झालेली नाही, हे तुला माहीत आहे. मी त्याची माफी मागितली. तो नुसता हं म्हणाला.

तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावलेय. गुडघ्याला शेक दे, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

रागावलीस ते बरं केलंस. माझ्या अक्षराची माफी तू कशाला मागतेस? सोबतचा कागद चित्रकाराला नेऊन दे. वाचलास तरी चालेल, सुधारू नकोस.

आजी

चित्रकार यांस नमस्कार.

तुमच्या कागदांवर मी लिहिलं. पानं मूळ आहेत हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पेनाऐवजी पेन्सिल घेतली असती, खोटं कशाला बोलू. पुस्तक पुरतं न वाचता मी मत दिलं, ते मात्र चुकलंच.

तुमची म्हातारी गप्प का, ते मला तेव्हा कळलं नाही. पण ती गप्प आहे हे पहिल्या पानापासून डोळ्यांत खुपलं. बापलेकीचं भांडण बाजूला राहिलं आणि मी तिच्याच तोंडाकडे बघत बसले. इतकी, की शेवटी मला राहवलं नाही. कादंबरीतली मेली, नाटकातली बहिरी होती, त्यांना मी बोलायला लावलं नाही. तुमचं काम होतं ते झालंय, मी ते बिघडवलं तरी.

मनगटाला मी काय करणार? पानं मात्र पुन्हा काढा. ती शेवटी काय बोलते ते नात मला सांगत नाही, आणि न कळता मी मरणार नाही, तेव्हा पुस्तक निघेपर्यंत मी आहे असं समजा. नातीला कामावरून काढलं तर ते पुस्तक माझ्यापर्यंत आणून देणारं कुणी उरणार नाही, हेही बघा.

याचं उत्तर तुम्ही द्यायचं, स्वतःच्या हाताने. भिंगरीकडे निरोप देऊ नका, आणि संपादक बाईंना म्हणावं तुम्ही मध्ये पडू नका.