तुंबडी, कसरत आणि एकोणीस इंच

६ जानेवारी १९१३, सोमवार. सकाळी ६.१०
सुप्यात कडाक्याची थंडी. कमरेच्या डाव्या अंगाला दुखते. वाकले की कोणी आत पाचर ठोकतो असे वाटते. वाकून हाताची बोटे ते जमीन, अंतर मोजले. टेप लाकडाच्या डेपोची. पहिल्या खेपेस १९ इंच, दुसऱ्या खेपेस १९, तिसऱ्या खेपेस १९। (सव्वा). १९ धरले.
२८ तारखेस जंगलखात्याचे मोठे साहेब डेपोच्या इन्स्पेक्शनला येणार. गेल्या साली घाटाखालच्या एका डेपोत म्हातारा मोजणीदार साहेबांपुढे वाकू शकला नाही. संध्याकाळी त्याच्या नावापुढे ‘अनफिट’ लिहिले गेले, आणि तो ट्रंक घेऊन गावी गेला. मी बावीस वर्षे ओंडके मोजतो आहे. माझ्या टेपवर आजवर कोणी बोट ठेवलेले नाही.
निश्चय : २८ पर्यंत शून्य इंच. बावीस दिवसांत एकोणीस इंच. रोजी एक इंचही पडत नाही. हिशेब सोपा आहे.

७ जानेवारी. रात्री जेवणानंतर
मुंबईहून मागवलेले इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन पुरे केले. (इंग्रजी मी आपले आपण शिकलो. कोणाची छडी खाल्लेली नाही.) त्यात लिहिले आहे : विलायती डॉक्टर पेल्यात जाळ करून तो पाठीवर पालथा घालतात, मांस वर ओढले जाते, दुखणे सुटते. म्हणजे आपलीच तुंबडी. पण आपले लोक तुंबडी लावून घोंगडीवर पडून राहतात. तालमीतले लोक कसरत करतात, पण तुंबडी लावत नाहीत. दोन्हींची सांगड आजवर कोणी घातली नाही. ती मी घातली. नाव ठेवले : संयुक्त पद्धत.
सामान : घरातली सहा फुलपात्रे. सावित्रीने विचारले, पाव्हणं आलं तर पाणी कशातनं द्यायचं? मी म्हणालो, पाहुणे येतात कुठे. ती म्हणाली, आता तर येणारच न्हाईत.

८ जानेवारी. संध्याकाळी ५.४५
पहिला प्रयोग. कणकेची चकती, तीवर पेटती वात, वर फुलपात्र. तीन-तीनच्या दोन रांगा, दोन फुलपात्रांत अंतर अडीच इंच. तिसरे सावित्रीने अर्धा इंच खाली लावले. काढून पुन्हा लावायला सांगितले. ती काही पुटपुटली, ते नोंदण्यासारखे नाही.
पात्रे पाठीवर असतानाच वाकलो. सहाही सुटली. एक अंगठ्यावर पडले.
माप २० आले. पण पाठ सुजलेली होती. ओंडक्याचा घेर घेताना आम्ही साल वजा करतो, कारण साल म्हणजे लाकूड नव्हे. तशी सूज म्हणजे मी नव्हे. सूज वजा २. निव्वळ १८.
एका दिवसात एक इंच. पद्धत लागू पडली.

११ जानेवारी. दुपारी
सावित्रीने मला न विचारता फुलाक्काला बोलावले. ही अणशीकडची कुणबी बाई, शिंग लावून दुखणी ओढते. तिने पुस्तकाकडे बघितलेसुद्धा नाही. मला पालथे पाडून माझ्या डाव्या ढुंगणात अंगठा असा रोवला की माझी किंकाळी शेजारी ऐकू गेली. म्हणते, दादा, दुखणं हितं हाय, तू पाठीला भांडी कशाला लावतोस? मी तिला समजावले की जिथे दुखते तिथेच दुखणे असते. ती इतकी हसली की तोंडातले पान बाहेर आले. गूळपाणी देऊन वाटेला लावली.

१४ जानेवारी. संक्रांत
माप २१. सूज वजा २, पोटात तिळगूळ वजा १, काल नखे काढली ती पाव. निव्वळ १७॥। (पावणेअठरा).
डेपोत तर कमालच. एकतीस ओंडके मोजले. कंबर जवळजवळ वाकवावी लागली नाही. टेप आपोआप ओंडक्याखालून पलीकडे गेली. सहा दिवसांत हा गुण! पुस्तकाच्या लेखकाला कळवावे काय? इंग्रजी पत्राचा मसुदा करणे.

१७ जानेवारी. शुक्रवार
दत्तात्रय. माझा असिस्टंट. वय तीस, केसांना तेल, आवाज मऊ. आज दोनदा तो आणि लखू कोपऱ्यात कुजबुजताना दिसले. लखू हा ओंडके हलवणाऱ्या हमालांचा नाईक. मी जवळ गेलो तसे दोघे आकाशाकडे बघू लागले. मग दत्तात्रय विचारतो, भिकाजीराव, कंबर कशी हाय? मी म्हणालो, कुठली कंबर? तो म्हणाला, न्हाई, आपलं असंच.
याची नजर टेपवर आहे. आजपासून टेप घरी आणणार.

२० जानेवारी. संध्याकाळी ७
आज ध्यानात आले : प्रत्येक ओंडक्याखाली आडवी दोन दांडकी. काही वीतभर उंच, काही एकावर एक रचून हातभर. त्यामुळे ओंडके जमिनीपासून वर उचललेले. लखूला विचारले. त्याने आधी दत्तात्रयकडे पाहिले, मग म्हणाला, वाळवी लागतीया अण्णा, म्हणून. मी विचारले, जानेवारीत वाळवी? तो म्हणाला, सुप्याची वाळवी पंचांग बघत न्हाई, अण्णा.
कारण पटण्याजोगे आहे. पण रांगा वाकड्या दिसतात. दिसायला फारच गबाळे.

२३ जानेवारी. सकाळी
माप २२. सूज वजा ३ (आता पात्रे आठ, दोन शेजारून), थंडीने आखडलेली शीर वजा २, काल भुई सारवली तो थर अर्धा. निव्वळ १६॥.
सावित्री म्हणते, बरं वाटतंय तर तुमच्या वहाणंचा पट्टा रोज मी का बांधतेय? मी म्हणालो, ते पत्नीचे कर्तव्य आहे. ती म्हणाली, गेल्या सालीबी मी बायकोच होते, तवा तुमचं तुम्ही बांधत होता.
कसरत वाढवली. पात्रे काढल्याबरोबर चाळीस वेळा वाकणे, सावित्रीने मागून गुडघा टेकवून दाब द्यायचा. अठराव्या वेळेला डोळ्यांपुढे काजवे. पाठीवर सुपारीएवढा भाजल्याचा डाग, तोही रांगेच्या बाहेर. सावित्रीचा हात स्थिर नाही.

२६ जानेवारी. रविवार, रात्री
इन्स्पेक्शनला दीड दिवस. सगळी दांडकी काढण्याचा हुकूम दिला. लखू डोके खाजवत उभा राहिला. म्हणतो, असू द्यात की अण्णा, तुमच्या पाया पडतो. मी विचारले, वाळवी तुझी कोण लागते? मग दत्तात्रय पुढे आला. म्हणाला, भिकाजीराव, येवढं ऐका, साहेबाला चालतंय ते, मी रेंजरला इचारलंय. मी विचारले, या डेपोचा मोजणीदार कोण? तो म्हणाला, तुम्ही. मी म्हणालो, मग झाले. तो खाली मान घालून गेला.
मावळतीपर्यंत एकशे बारा ओंडके जमिनीला टेकवले. सुतळी धरून पाहिली. रेष अशी की लग्नपत्रिकेवर छापावी. आता दत्तात्रयचा डाव कळला. वाकड्या रांगा साहेबांना दिसाव्यात, आणि दोष माझ्या माथी यावा. तो डाव मी उधळला.

२७ जानेवारी
निव्वळ १४. आज वजावट लिहीत नाही, कागद कमी आहे. चौदा म्हणजे ओंडक्याखालून टेप सारायला पुरेसे. झोप आली नाही. ती उत्साहाने.

२८ जानेवारी. दुपारी ३ (पालथे पडून लिहीत आहे, अक्षर क्षमस्व)
साहेब ९.२० ला आले. घोडा फाटकाशी बांधला. सोबत रेंजर, मागे हमाल, सर्व डेपो उभा. पहिला ओंडका, सागवान. टेप माझ्या हातात.
ओंडका जमिनीवर होता. गेल्या पंधरवड्यात मी तो इतका खाली पाहिला नव्हता.
वाकलो. डाव्या हाताने टेपचे टोक खाली सारले. उजव्या हाताने पलीकडून ओढायचे. उजवा हात गेला, आणि पाचर बसली. खालीही जाता येईना, वरही येता येईना. साहेब थांबले. सर्व थांबले. मी म्हणालो, साल तपासतो आहे. साहेब आपल्या मराठीत म्हणाले, चांगला. तपासत राहिलो. एक लाल मुंगी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली, परत आली. साहेब म्हणाले, उठा. मी म्हणालो, साल अजून संपली नाही. मागे कोणीतरी फिस्सकन हसले, आणि लखूने त्याच्या पाठीत धपाटा घातल्याचा आवाज आला.
मग माझ्या शेजारी कोणी वाकले. दत्तात्रय. त्याने माझ्या बोटांतून टेपचे टोक सोडवून घेतले, पलीकडून ओढले, आणि मोठ्याने म्हणाला, घेर पाच फूट दोन इंच, भिकाजीरावांनी सांगितल्याप्रमाणे. मी काही सांगितले नव्हते. दुसरा हात त्याने माझ्या काखेत घातला होता, आणि मी त्या हातावर होतो.
साहेब आंधळे नाहीत. टोपी काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. कसे पाहिले ते लिहीत नाही.
चौघांनी मला घरी आणले. ओंडके वाहायच्या दांड्यांवर.

२९ जानेवारी. सकाळी
सावित्रीने सगळे सांगितले. ९ तारखेसच तिने दत्तात्रयला नदीच्या घाटावर गाठून माझ्या कमरेचे सांगितले होते. दांडकी त्याची. काम सुटल्यावर तो, लखू आणि हमाल थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी जे ओंडके माझ्या वाट्याला येणार ते उचलून दांडक्यांवर ठेवायचे. माझा चेहरा फार आंबट दिसला की जास्त उंच. वाळवी लखूच्या डोक्यातली.
मी विचारले, मला कोणी का सांगितले नाही? सावित्री म्हणाली, सांगितलं असतं तर ऐकलं असतं व्हय?
मी तोंड भिंतीकडे फिरवले. तेही तिने फिरवून दिले.

३० जानेवारी
फुलाक्का आली. यावेळी हसली नाही, ते जास्त वाईट. डाव्या ढुंगणात जिथे अंगठा रोवला होता तिथेच तीन शिंगे लावली, पाठीला एकही नाही. पाय धरून गोल फिरवला, टाचेने दाबला, मग हाताला धरून नदीच्या घाटापर्यंत चालवत नेले. मी वाटेत तीनदा देवाचे आणि एकदा तिचे नाव घेतले. परतताना पाऊल थोडे हलके पडले. हे पुस्तकात नव्हते. म्हणते, शिमग्यापर्यंत वहाण तूच बांधशील दादा, पण ओंडका इसर.
संध्याकाळी साहेबांचा हुकूम आला. ट्रंक काढून ठेवायला सावित्रीला आधीच सांगितले होते. तिने काढली नव्हती. ‘अनफिट’ शब्द कागदावर कुठे नाही. दोनदा वाचला. मोजणी दत्तात्रयने करावी. रजिस्टर मी लिहावे, खुर्चीवर बसून. लखूने सांगितले, दत्तात्रय २८ च्या रात्री साहेबांच्या तंबूत गेला होता, आणि म्हणाला की असं अक्षर अख्ख्या तालुक्यात कुणाचं न्हाई, हा माणूस गावी गेला तर दुसऱ्याच्या हातचं रजिस्टर कोण वाचणार.
दत्तात्रयला काय म्हणावे याचा मसुदा केला. दोन ओळी. फाडला. तीन ओळी केल्या, त्याही फाडल्या.

३ फेब्रुवारी. सोमवार
खुर्चीवरचा पहिला दिवस. खुर्चीचा एक पाय लहान आहे. दत्तात्रय वाकतो, टेप ओढतो, आकडा सांगतो. मी लिहितो. त्याला काही म्हणायचे म्हणून एकदा तोंड उघडले, आणि मोठ्याने बोल, ऐकू येत नाही, असे म्हणालो. तो व्हय म्हणाला आणि मोठ्याने बोलू लागला.
छप्पन्न ओंडके झाले. रजिस्टर घरी आणून सगळे आकडे पुन्हा तपासले. एकही चूक नाही. दोन तास शोधली.