निळ्या रेघेपुढे नऊ फूट

मंगळवार, ११ मार्च

परीक्षा! त्रेचाळिसाव्या वर्षी! येत्या २४ तारखेला, सोमवारी सकाळी सात वाजता, हॉटेलच्या मोठ्या तलावात. आमच्या करमणूक विभागातल्या अकराही जणांनी दोन फेऱ्या पोहून दाखवायच्या आणि मग खोल बाजूच्या तळाशी ठेवलेली वीट वर आणायची. नव्या मॅनेजर मिसेस इबारा स्पेनहून येऊन अजून महिना झालेला नाही. त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी इथे दुसरं काम नाही, हेही त्याच आवाजात सांगितलं.

व्हॉलीबॉल घेणारा लिनव्हल म्हणाला, "दोनच फेऱ्या? एक तर मी उताणा पडून मारतो, दाढी करत करत." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

मला पोहता येत नाही. — लिहिलं बाई एकदाचं!

नऊ वर्षं रोज सकाळी दहाला मी तलावात उभी राहून पाहुण्यांकडून व्यायाम करून घेते. छातीभर पाण्यात. गुडघे वर, हात बाजूला, हसा! तळाला एक निळी रेघ आहे. तिच्यापुढे जमीन घसरते आणि पाणी नऊ फूट होतं. त्या रेघेपलीकडे मी कधी पाऊल टाकलेलं नाही. डोकंही भिजवत नाही. पाहुण्यांना वाटतं, केस नुकतेच सरळ करून घेतले असतील. वाटू दे.



बुधवार, १२ मार्च

तसं मी खोटं कधी बोललेच नाही. नोकरी लागताना साहेबाने विचारलं, पोहता येतं ना? मी म्हटलं, साहेब, मी रिओ ब्वेनोची, कोळ्याची मुलगी. तो हसला आणि कागदावर खूण केली. जमैकात जन्मलेलं पोर पोहतंच, असं बाहेरून आलेल्यांना वाटतं.

रिओ ब्वेनोत पाण्याशी खेळणाऱ्या पोराला चोप मिळतो. आईचं एकच पालुपद — समुद्राला मागचं दार नसतं. पोहता आलं की माणूस समुद्राशी मस्ती करतो. बाबांची होडी उलटली तेव्हा मी आठ वर्षांची होते. किनाऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, चाळीस हात अंतर असेल. सगळा गाव वाळूत उभा. सगळे कोळी, आणि एकालाही पोहता येत नव्हतं. आई अजून म्हणते, त्याला येत असतं तर मरायला जास्त वेळ लागला असता, एवढंच.

आज फोनवर तिला काही सांगितलं नाही. आवाज असा का येतोय म्हणाली. सर्दी म्हटलं. मग सेरसीच्या पाल्याचा काढा घे म्हणाली. घेतला! कडूजहर. भीतीवर चालतो की नाही, कोण जाणे.

गुरुवार, १३ मार्च

आज एक माणूस मेला असता. माझ्या डोळ्यांदेखत.

कॅनडातल्या विनिपेगचे मिस्टर डोनाल्डसन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दर मार्चला येतात, पाण्यातही डोक्यावरची गवती टोपी काढत नाहीत. व्यायाम करता करता मागे सरकले आणि रेघ ओलांडली. टोपी पाण्यावर राहिली. तिच्याखाली माणूस नव्हता! माझ्यापासून सहा हातांवर. आणि मी काय केलं? कठडा धरला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने शिट्टी. तेवढंच.

लाइफगार्ड मिस्टर व्हॅसल खुर्चीवरून उतरून काठाने धावत आले, आकड्याची लांब काठी खाली घातली, म्हाताऱ्याच्या काखेत अडकवली आणि ओढून आणलं. ते खोकले, ओकले, श्वास घेतला.

संध्याकाळी बारपाशी मिस्टर डोनाल्डसन सगळ्यांना सांगत होते, क्लोव्हरने वेळेवर शिट्टी मारली म्हणून मी आहे. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाळूत उभ्या राहिलेल्या त्या माणसांवर मी आयुष्यभर मनातून चिडत आले. आज मीही तशीच उभी होते. नोकरी गेली तर जाईल, पोटाला काहीतरी मिळेल. पण माझ्यासमोर कुणी गेलं तर?

शुक्रवार, १४ मार्च

झोप नाही. डोळे मिटले की टोपी.

शनिवार, १५ मार्च

सांगून टाकलं. मिस्टर व्हॅसलना.

दुसरं कोण होतं? किनाऱ्यावरची बोटवाली पोरं माशासारखी पोहतात, पण ती ठेकेदाराची माणसं. त्यांना कळलं की चहा निवायच्या आत गावभर. मिस्टर व्हॅसल सत्तावन्न वर्षांचे, हॉटेल उघडलं तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं त्या उंच खुर्चीत. फार बोलत नाहीत. कँटीनमध्ये कोंबडी-भात खात होते. मी शेजारी बसले आणि ताटाकडे बघत बोलले. त्यांचा घास हातातच राहिला.

मग म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग उद्या पहाटे साडेपाचला ये. पाहुणे उठायच्या आत. आणि केसांची काळजी सोड."

रडूच आलं मला. चांगला माणूस आहे.

रविवार, १६ मार्च

पहिला धडा. नाक पाण्यात घातलं आणि बाहेर काढलं, चाळीस वेळा. चाळिसाव्या वेळीही पहिल्याइतकीच भीती! मिस्टर व्हॅसल काठावर उभे राहून सांगतात. पाण्याला मिठी मारू नकोस, ढकल. मान सैल. पाय कमरेपासून, गुडघ्यातून नाही. इतकं बारीक सांगतात की वाटतं, यांनी शाळा काढायला हवी होती.

अकराला नव्या पाहुण्यांचं स्वागत. रविवारचं ते भाषण माझ्याकडेच असतं — इथे काय काय मिळेल. मनगटाचा पट्टा काढू नका, त्यावरच सगळं आहे. जेवण, पेयं, टॉवेल, नाचाचे वर्ग, सगळं आलं. तलावावर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा लाइफगार्ड. हे शेवटचं वाक्य आज फार मनापासून म्हटलं.

मंगळवार, १८ मार्च

तरंगले! अकरा अंक मोजेपर्यंत. कान पाण्याखाली गेले की जग किती गप्प होतं. मिस्टर व्हॅसल वरून म्हणाले, "बघ, पाण्याला तू नको आहेस. ते तुला वरच ढकलतंय." बारा म्हणता म्हणता भीती आठवली आणि बुडाले.

बुधवार, १९ मार्च

उथळ बाजूला आडवी एक फेरी. कुत्र्यासारखी, पण फेरी. मिसेस इबारा लांबून येताना दिसल्या म्हणून चटकन बाहेर निघून टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. ओले केस! तशाच पुढे गेल्या. केसांकडे मात्र बघितलं.

गुरुवार, २० मार्च

उद्या खोल बाजू.

शुक्रवार, २१ मार्च



रेघ ओलांडली. सहा हात छान गेले. मग खाली बघितलं. पायाखाली नुसतं निळं, लांबवर तळाच्या फरश्या. झालं! सगळं शिकलेलं पळालं. तोंडात पाणी, नाकात पाणी, खाली गेले. वर बघितलं तर पाण्यातून त्यांचे पांढरे बूट दिसत होते, अगदी काठावर. काठी पाण्यात फिरत होती, पण माझ्या हातापर्यंत पोचत नव्हती. मला वाटलं, आता उडी मारतील. आता. आता.

बूट हलले नाहीत.

मी पाय कसे मारले, मला माहीत नाही. कुणी येत नाही म्हटल्यावर मारले. हाताला भिंत लागली. वर येऊन आडवी झाले, ओकले. मग त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बसले होते, काठी मांडीवर, ओठ पांढरे.

म्हणाले, "मला येत नाही, क्लोव्हर. कधीच येत नव्हतं."

हॉटेल बांधायला ते विटा वाहायला आले होते. उघडायच्या आठवड्यात मुकादमाने उंच माणसं वेगळी काढली, लाल चड्डी दिली, शिट्टी दिली, कुणाच्या तरी सहीचा कागद दिला. हे काम सावलीतलं होतं. पोराबाळांचा धनी, नाही कसं म्हणणार? सतरा वर्षांत एकोणीस जणांना बाहेर काढलं, सगळे काठीने. आणि मला जे शिकवलं ते? "रोज शेकडो माणसं पोहताना बघतो. सतरा वर्षं. कोण कुठे चुकतंय ते मला इथून दिसतं. फक्त मी स्वतः —"

मी टॉवेल उचलून निघून आले.

शनिवार, २२ मार्च

मिस्टर व्हॅसल परीक्षेला नाहीतच! लाइफगार्डकडे कागद आहे, त्याला सूट. म्हणजे सोमवारी मी पास होईन, आणि ते पुन्हा त्या खुर्चीत. काठी पोचेल तिथपर्यंत ठीक. तलावाच्या मधोमध काठी पोचत नाही, हे आता मला माहीत आहे.

सांगावं तर ज्याने शिकवलं त्याच्याच पोटावर पाय. न सांगावं तर झोपू कशी? दिवसभर त्यांच्याकडे बघणं टाळलं. व्यायामाच्या वेळी बेचाळीस जण पाण्यात होते. मी बेचाळीस डोकी मोजत राहिले, पुन्हा पुन्हा, आणि एकदा एकेचाळीसच भरली तेव्हा छाती फुटायची वेळ आली. एक बाई टॉवेल आणायला गेली होती.

पहाटे मात्र दोघंही तलावावर होतो. धडा झाला. मी रेघेपलीकडे गेले, आले, तीनदा, आणि शेवटी बुडी मारून तळाला हात लावला. ते काठी घेऊन माझ्याबरोबर काठाने चालत होते आणि मला कळलं की ते माझ्याहून जास्त घाबरलेत.

रविवार, २३ मार्च

स्वागताचं भाषण. तलावावर आठ ते सहा — इथे जीभ अडली. पहिल्या रांगेतली एक बाई, ओहायोची, म्हणाली, हो ना? आमच्यात कुणालाच धड पोहता येत नाही, म्हणूनच हे हॉटेल निवडलं. मी "हो" म्हटलं. काय म्हणणार होते!

दुपारी सरळ खुर्चीखाली जाऊन उभी राहिले. म्हटलं, मिस्टर व्हॅसल, मी सांगणार आहे. तुमचे उपकार आहेत, तरी सांगणार आहे.

ते तलावाकडेच बघत होते. नजर काढली नाही. म्हणाले, "आधी तुझी परीक्षा होऊ दे. मला उद्याचा दिवस दे. माझं मी सांगतो."

आईचा फोन. आजही लपवलं तर जीभ झडेल असं वाटलं, म्हणून सांगितलं की पोहायला शिकतेय. फोन कट झाला की काय म्हणून मी हाक मारली. मग म्हणाली, "किती लांबपर्यंत जाता येतं?" म्हटलं, चाळीस हात तर सहज. नंतर म्हणाली, काढा घे.

सोमवार, २४ मार्च

पास!!

रांगेत उभं राहवेना म्हणून मीच म्हटलं, मला आधी जाऊ द्या. दोन फेऱ्या. दुसरीत मधोमध आले तेव्हा खाली बघितलं आणि तरी हात चालत राहिले. वीट तिसऱ्या बुडीत मिळाली. दोन्ही हातांनी काठावर ठेवली. मिसेस इबारांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि विमानतळावर पिटाळलं, पाहुण्यांच्या दोन बसगाड्या आणायला. बाकीच्यांचं बघायला थांबताच आलं नाही.

दुसरं विमान उशिरा आलं, परत येईपर्यंत सहा वाजून गेले. खुर्ची रिकामी. मिस्टर व्हॅसल ऑफिसच्या पायऱ्या चढताना दिसले, लाल चड्डी नाही, इस्त्रीची पँट आणि चर्चला घालतात तो शर्ट. त्यांनी मला बघितलं, मान हलवली. मला धावत जाऊन थांबवावंसं वाटलं. गेले नाही.

कँटीनमध्ये लिनव्हल एकटाच जेवत होता. कानात कापूस. मी पास झाले म्हटलं. छान, म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

मंगळवार, २५ मार्च

सातला मिसेस इबारांनी बोलावलं. मिस्टर व्हॅसलनी काल सगळं सांगितलं, नोकरी सोडून गेले. मी विचारलं, आता खुर्चीत कोण? त्यांनी कालचा कागद माझ्यापुढे सरकवला. अकरा नावं. दहांपुढे कारणं: कानात पाणी, पाठ धरली, घरी मयत, तर काहीजण सरळ कठडा धरून राहिलेले. खूण एकाच नावापुढे, माझ्या. लिनव्हलसुद्धा नाही! सगळे माझ्यासारखेच होते, सगळी वर्षं.

बाहेरून लाइफगार्ड शुक्रवारी येतील. तोवर तलाव बंद ठेवा म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग लाइफगार्डचा लाल शर्ट माझ्याकडे दिला.

पावणेआठ झालेत, आठला तलाव उघडतो. हॉटेलात चारशे सहा पाहुणे आहेत. मला पोहता येऊन चार दिवस झालेत.