दोन हातांचा रॉड आणि राखून ठेवलेले उत्तर

मी, इरावती शैलेंद्र दामले, वय एकतीस, मूळची पुण्याची, सध्या राहणार सनाबिस, बहरीन, व्यवसायाने सेफ्टी इंजिनिअर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवत आहे. प्रकृती उत्तम आहे, डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव होता तो न लिहिण्याचा. तो माझ्या आईने, सौ. स्मिता यांनी, फोनवरून आणला: "अगं, अभद्र काय लिहीत बसतेस? त्यापेक्षा जाऊच नको ना."

जाण्याचे कारण असे. पुढच्या आठवड्यात मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका नदीवर स्टीलहेड धरायला जात आहे. हा समुद्रात वाढून नदीत परतणारा मासा. त्यासाठी थंड, ओढीच्या पाण्यात मांडीपर्यंत उभे राहून लांब रॉडने दोर फेकावा लागतो. मला पोहता येत नाही. कारखान्यातला कोणता व्हॉल्व्ह निकामी झाला तर काय होईल, हे लिहिण्याचा मला पगार मिळतो. त्यातून स्वतःला वगळणे बरे दिसणार नाही.

साक्षीदारांचे आधीच सांगते. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. हिंदूंना हा नियम तितका कडक लागत नाही, असे वकील म्हणाले. मी कडक लावते. पहिली साक्षीदार माझी रूममेट पूर्णिमा. तिला माझा कुकर हवा होता. साक्ष की कुकर, असे विचारल्यावर तिने साक्ष निवडली; कुकर गेला. दुसरा साक्षीदार मयुरेश आग्रे, गाव गुहागरजवळ, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. सबब त्यालाही काही मिळणार नाही. हे त्याने हसत मान्य केले आहे.

कलम १. बँकेतली शिल्लक व पुण्यातल्या ठेवी आई-बाबांना समान. यात वाद नाही.

कलम २. माझे मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हरचा संच बाबांना. ते घरातली कोणतीही वस्तू उघडू शकतात. निदान आता बंद करायला तरी साधन असेल.

कलम ३. वरच्या मजल्यावरचे नावेदभाई यांना काहीही देत नाही. माझी पार्किंगची जागा ते माझ्या हयातीतच वापरत आहेत.

कलम ४. अपघाताच्या वेळी माझ्या गळाला मासा असल्यास तो आधी सोडावा. तिथला नियम तसा आहे. आईचे यावर म्हणणे नोंदवते: "इतक्या लांब जाऊन धरणार, आणि सोडणार? आणि आपल्यात मासा खातं कोण?" मयुरेशचे म्हणणे: "खाणारा मी, आणि धरणार ही. देवाचा हिशेबच चुकलाय."

कलम ५. रॉड. तेरा फुटी, दोन हातांनी फेकायचा, एका ब्रिटिश सहकाऱ्याने मायदेशी जाताना विकलेला. बहरीनमध्ये नदी नाही. म्हणून मी ओहोटीला उथळ समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राहून, दोराच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधून शिकले. एक बहरिनी आजोबा गाडीची काच खाली करून इथल्या खिचडी भाषेत विचारत, "मछली मफी?" म्हणजे मासा नाही का? दोराला गळच नव्हता, हे त्यांना कोण सांगणार? काठावर चहाचा थर्मास सांभाळणारा मयुरेश ओरडे, "इंशाल्ला, बाबा!"

या फेकीत दोर उचलून बाजूला आणायचा, त्याचे टोक क्षणभर पाण्याला टेकू द्यायचे, मग वरच्या हाताने रॉड पुढे ढकलत खालच्या हाताने त्याची मूठ पोटाकडे ओढायची. टोक टेकले नाही तर पाण्याची पकड मिळत नाही आणि दोराचा गुंता समोर पडतो. पहिले काही महिने मी सगळे वरच्या हातानेच करत होते. खालचा हात नुसता पाहुणा. मयुरेशला रॉड दिला तर तो कमरेतून गर्रकन फिरे, कारण त्याच्या अंगात गावच्या खाडीत फेकायचे जाळे. "काय गो, जाळं असतं तर एव्हाना कालवण झालं असतं."

हा रॉड कोणाला द्यावा? बाबा त्याने आंबे पाडतील. पूर्णिमा त्यावर कपडे वाळत घालेल. निर्णय कलम ७ मध्ये.

कलम ६. एक जुनी तक्रार. शेवटच्या सरावांत मी खरा गळ लावला होता. वारा दोर ज्या बाजूला नेतो तिथे उभे राहू नये, ही सूचना मयुरेशला दोनदा दिली होती. तो तिथेच उभा राहिला. गळ त्याच्या कानाच्या पाळीत रुतला. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी कानाला भुलीचे इंजेक्शन दिले आणि पकड हातात घेतली, तेवढ्यात तो म्हणाला, "इरावती, लग्न करूया का?"

"हिलिए मत," डॉक्टर म्हणाले.

"भूल दिलेल्या माणसाचा प्रस्ताव मी विचारात घेत नाही," मी म्हणाले.

"भूल कानाला आहे गो, डोक्याला नाही."

"नदीवरून आल्यावर सांगते."

त्यानंतर त्याने पुन्हा विचारले नाही. फक्त एकदा, मी "थांब, दोर टेकू दे" म्हणाले तेव्हा बोलला, "दोराला थांबवतेस, मला थांबवतेस. दोराचं तरी काम होतं."

कलम ७. मी परत आले नाही, तर उत्तरही येणार नाही. उत्तराची एकच प्रत, म्हणजे मी, आणि तीही वाहत्या पाण्यात उभी. असा आराखडा दुसऱ्या कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी परत पाठवला असता. सबब उत्तर येथे नोंदवते: होय. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. सहीच्या क्षणापासून लागू आहे. रॉड मयुरेशला. कमरेतून फिरायचे नाही, एवढीच अट.

तो आता लाभार्थी असल्याने साक्षीदार राहू शकत नाही. त्याचे नाव मी खोडले आहे.

सहीच्या वेळचा हस्तलिखित शेरा: मयुरेश पेन उघडून बसला होता. "माझं नाव का खोडलंस?" त्याने विचारले. सातवे कलम वाच, असे मी सांगितले. त्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि पेनाचे टोपण लावायला त्याला फार वेळ लागला. पूर्णिमाने नावेदभाईंना बोलावून आणले. ते जिन्यातच किल्ली काढून म्हणाले, "अभी हटाता हूँ, मॅडम." गाडी हलवायला नव्हे, सही करायला बोलावले आहे, हे त्यांना समजावावे लागले. सहीपूर्वी मयुरेशच्या कोणत्याही अवयवाला भूल दिलेली नाही, याची मी खात्री केली.

लाभार्थ्याने एक हरकत घेतली, ती त्याच्याच शब्दांत: "नुसता रॉड घेऊन मी काय करू? तू परत ये."

हरकत मान्य.

सही: इरावती शैलेंद्र दामले

साक्षीदार:
१. पूर्णिमा (कुकर सोडून)
२. ~~मयुरेश आग्रे~~ नावेद (खाडाखोड माझीच. इ. शै. दा.)

सनाबिस, बहरीन
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५