नव्या लॅपटॉपचं काय झालं

महदिया,
रविवार, १५ ऑक्टोबर २०२३

प्रिय भाऊ, खूया वाजदी,

बंदर सोडताना तू आवाजी निरोप पाठवून विचारलंस, "बाबांनी पाहिलं का? काय म्हणाले?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. हे पहिल्याच ओळींत लिहून टाकते, म्हणजे पुढे मला पळवाट काढता येणार नाही. तरी थोडी काढीनच. तू मला ओळखतोस.

तू मासेमारीच्या जहाजावर समुद्रात आहेस आणि तीन आठवडे तुझा फोन लागायचा नाही, म्हणून कागद घेतला. शेजारचे काका, अम्म हेदी, उद्या पालेर्मोच्या बोटीने परत निघतायत. ते हे पाकीट इटलीत मझाराला तुझ्या खोलीवर टाकतील.

घरी सगळे बरे आहेत. उम्मीच्या गुडघ्याला आराम आहे. गच्चीवर हरिसा चटणीच्या मिरच्या वाळत घातल्यात, घरभर सगळे शिंकतोय. माझ्या पदवीचा कागद उम्मीने बाहेरच्या खोलीत, थेट दारासमोर लावला आहे. वीजवाला मीटर बघायला आला, तर त्याला आधी तो वाचावा लागला. "आमच्या घराण्यातली पहिली," उम्मी त्याला म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, मीटर कुठंय?"

लॅपटॉप मंगळवारी पोचला. अम्म हेदींनी तो ब्लँकेटमध्ये तान्ह्या बाळासारखा गुंडाळून आणला होता. इतका हलका आणि इतका सुंदर, की मला आधी हात लावायचा धीरच झाला नाही. माझ्यासाठी कुणी नवीकोरी वस्तू घेतली, असं याआधी कधी झालं नव्हतं, वाजदी. एवढं एक वाक्य पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेव.

बुधवारी मी त्यावर आलेली प्रणाली काढून लिनक्स ही मोफत, उघडी प्रणाली घालायला बसले.

का, ते सांगते. मोनास्तिरला कॉलेजात आमच्या संगणक मंडळात आम्ही पाचजणींनी ठरवलं होतं, की चोरलेल्या सॉफ्टवेअरवर काम करायचं नाही, आणि ज्याच्या आत काय चाललंय ते बघता येत नाही तेही वापरायचं नाही. कॉलेजातल्या जुन्या, टाकून दिलेल्या यंत्रांवर मी बावीस वेळा लिनक्स घातलं आहे. माझ्या स्वतःच्या यंत्रावर मात्र एकदाही नाही, कारण स्वतःचं यंत्रच नव्हतं. उम्मीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे चालतंय ते काढून टाकायचं आणि मग ते चालत नाही म्हणून रडायचं?"

"उम्मी, हे तत्त्वाचं आहे."

"तत्त्वाचं असू दे. भावाने नवरी नटवून पाठवली आणि तू तिला दारातच कपडे बदलायला लावतेस."

पेन ड्राइव्ह लावला, तर लॅपटॉप त्याला ओळखेना. आत जाऊन एक सुरक्षेचं बटण बंद करावं लागलं. मग वायफाय नाही. ते माझ्या फोनची वायर जोडून भागवलं. मग इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमने विचारलं, डिस्कवर आहे ते ठेवून शेजारी जागा करू, की सगळं पुसून टाकू?

मी म्हटलं, सगळं पूस. जरासुद्धा थांबले नाही. नव्या यंत्रात काय असणार?

डिस्कला कुलूपही घातलं, म्हणजे चालू करताना आधी पासवर्ड मागेल. आणि इथे माझी गंमत झाली. पासवर्ड मान्यच होईना! गुरुवारी मी तो निदान चाळीस वेळा टाकला. मशीन खराब आहे, डिस्क खराब आहे, इटलीची वीज वेगळी असते, असं काहीबाही मनात आलं. उम्मी चुलीकडून ओरडली, "एम्ना, ते चाळीस वेळा नाही म्हणतंय, तुला एकदाही समजत नाही?"

शुक्रवारी वैतागून सगळं खोक्यात भरायला घेतलं. चार्जरच्या खालच्या पुठ्ठ्यात तुझी चिठ्ठी होती.

ती माझ्यासमोर आहे. "एम्ना, उघडल्याबरोबर पडद्यावर 'बाबा' नावाची एक फिल्म दिसेल. तुझ्या चिमुकल्या फोनवर नको, मोठ्या पडद्यावर दाखव. रविवारी कुसकुस खाऊन झाल्यावर, ते शांत असतात तेव्हा. मी एकदाच बोललो आणि परत पाहिलं नाही. दुसरी प्रत नाही. असलं दोनदा बोलवत नाही."

वाजदी, ती मी पुसली. न बघता, न ऐकता, तत्त्वासाठी पुसली.

हे मला पहिल्या पानावर लिहायचं होतं. मिरच्या आणि मीटर लिहीत बसले.

त्यानंतर ते कुलूप उघडणं ही वेगळीच गोष्ट झाली. मला पक्कं माहीत होतं, की या जातीच्या डिस्कवर पुसलेलं परत येत नाही, आणि वरून कुलूप घातल्यावर तर नाहीच. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हे शांतपणे सांगितलं असतं. तरी वाटत होतं, की आत गेले तर कुठेतरी एखादा तुकडा सापडेल, अर्धं मिनिट तुझा आवाज.

आता पासवर्ड कोणता ते सांगते. मबरूका.

हो. आपली होडी. तू ती त्या पहाटे सात जणांना घेऊन नेलीस आणि इटलीच्या लाम्पेदूसा बेटाच्या किनाऱ्यावर सोडलीस, तेव्हापासून हे नाव घरात कुणी घेतलेलं नाही. बाबा दुसऱ्यांची जाळी शिवतात आणि तुझं नाव निघालं की उठून जातात. मला वाटलं, तोंडाने घेता येत नाही, निदान बोटांनी तरी ते नाव रोज घ्यावं.

शनिवारी दुपारी मी अंगणात बसले होते. बाबा समोरच अम्म हेदींच्या भावाचं जाळं शिवत होते. मी पासवर्ड टाकत होते, तो चुकत होता. बराच वेळ ते बघत राहिले.

"तू बटणांकडे बघतच नाहीस," ते म्हणाले.

"मला बघावं लागत नाही, बाबा. बोटांना पाठ आहे."

"माझ्याही बोटांना पाठ आहे. पण सुई नवी असली की पहिल्या दहा गाठी मी बघून मारतो. हात जुना असतो गं, सुई नवी असते."

मी हात उचलले आणि पहिल्यांदा त्या बटणांकडे नीट पाहिलं. ती इटालियन होती! आपण इथे सगळे फ्रेंच कीबोर्डवर शिकलो. इन्स्टॉल करताना "कीबोर्ड कोणता?" विचारलं तेव्हा मी सवयीने फ्रेंच सांगितला, म्हणून तोवर माझी बोटं बरोबर चालली. पण सुरुवातीला जो काळा पडदा पासवर्ड मागतो, त्याला फक्त अमेरिकन मांडणी येते. त्याच्याकडे माझ्या ए च्या जागी क्यू पोचत होता आणि एम च्या जागी अर्धविराम. इटालियन बटणांवरची अक्षरं त्या मांडणीशी जुळतात; ती छापलेली अक्षरं बघून टाकायचं, एवढंच करायचं होतं. ट्युनिसपासून तांजेपर्यंत या चुकीने किती जण रडले असतील कुणास ठाऊक, आणि मी पदवीधर त्यांतली एक.

मग पहिलीतल्या मुलीसारखी एका बोटाने, बघून बघून दाबायला लागले. एम. ए. बी. आर.

बाबांच्या हातातली सुई थांबली.

त्यांना फ्रेंच वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण ही आठ रोमन अक्षरं येतात. दर वसंतात होडीच्या नाकावर निळ्या रंगाने तीच गिरवायचे ना ते. माझं बोट शेवटच्या ए वर गेलं, त्याच्या आधीच त्यांची नजर तिथे जाऊन थांबली होती.

कुलूप उघडलं. मी शोधलं. पुसलेलं शोधायची दोन हत्यारं चालवली, तासभर. डिस्क कोरी होती.

"काय हरवलंय?" बाबांनी विचारलं.

तेव्हा मला सोपं होतं, खूया. "काही नाही" म्हणायचं होतं. आणि तुला कळवायचं होतं, की त्यांनी पाहिलं आणि गप्प राहिले. तू विश्वास ठेवला असतास, कारण ते चार वर्षं गप्पच आहेत. माझी चूक कुणालाच कळली नसती आणि तू पुन्हा कधी बोलला नसतास. या लबाडीचा विचार मी शुक्रवारपासून करत होते, तोही कबूल करते.

मी सांगितलं, "वाजदीने तुमच्यासाठी काहीतरी बोलून पाठवलं होतं. मी ते न बघता पुसलं. काय होतं ते मला माहीत नाही. असलं दोनदा बोलता येत नाही असं त्याने लिहिलंय." आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

ते उठून गेले नाहीत. म्हणाले, "एकदाच बोलला म्हणतो?"

"हो."

"मला तर एकदाही जमलं नाही." आणि सुई उचलली.

आज कुसकुस झाला. उम्मीने त्यात मुलेट मासा घातला होता. बाबांनी काटा बाजूला काढत, वर न बघता विचारलं, "तिकडे ती मोठी जहाजं जाळ्यांनी समुद्राचा तळ खरवडतात म्हणे. हा पण तेच करतो?" उम्मीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग म्हणाली, "मला कशाला विचारता? मी काय मझारात राहते?"

"विचारलं आपलं."

"त्यालाच विचारा मग!"

बाबांनी आणखी एक काटा काढला. नकोही म्हणाले नाहीत.

तू गेल्यावर त्यांनी फोनचा नंबर बदलला आणि तो तुला द्यायचा नाही, अशी आम्हा दोघींना शपथ घातली. आम्ही ती पाळली. तू मला तो नंबर तीनदा मागितलास आणि तीनदा मी विषय बदलला, तो या शपथेमुळे.

जेवणानंतर मी त्यांच्यासमोर बसून तो नंबर एका चिठोऱ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला. त्यांना विचारलं नाही. लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, आकड्यांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि म्हणाले, "सात नीट काढ. एक वाटतो."

सात नीट काढला आहे. चिठोरा या पत्रात घडी घालून ठेवला आहे, पाकीट चिकटवून अम्म हेदींच्या हातात दिलंही होतं, आणि हा शेवटचा कागद त्यांच्या दारात उभी राहून लिहिते आहे, कारण चिठोऱ्याबद्दल लिहायचं राहिलं म्हणून पाकीट पुन्हा उघडायला लावलं. ते हसतायत.

शपथ मोडणारी,
तुझी बहीण
एम्ना