शटरवरचा चौथा नियम

३ नोव्हेंबर
यूनुसनं आज उजव्या हातानं कप उचलून बघितला. फुटला. उन्हाळ्यात शॉक बसल्यापासून त्याची ती बोटं मिटतच नाहीत. नवऱ्याचं हे मोटार वाइंडिंगचं दुकान आता मीच चालवते.
शॉक बसला ती पेटी भगवानअण्णांनी जोडलेली. विहिरीवरच्या मोटारीची, स्टार्टरची. यूनुसनं खटका पाडून लाईन बंद केली, झाकण उघडलं, हिरवी वायर म्हणजे अर्थिंग असं धरून बिनधास्त हात लावला. तिच्यात करंट! अण्णा मुद्दाम उलटसुलट जोडतात. दुसऱ्या वायरमनला उमगू नये, शेतकऱ्यानं परत त्यांनाच बोलवावं म्हणून. एकटे अण्णाच कशाला, या भागात सगळेच करतात. यूनुससुद्धा करायचा. अण्णांकडंच शिकला ना.
वर मलाच म्हणतो, "उस्ताद हैं. कुछ नक्को बोल."
बोलणार आहे.

७ नोव्हें.
सगळ्या वायरमनना फोन केले. एकत्र बसू, पेटी जोडायची एकच पद्धत ठरवू. पगार नाही, अध्यक्ष नाही, फुकटचं काम. "येतो की भाभी, येतो की."
आला एकटा सचिन, जळकोटहून. भजी परातभर केली होती. आम्ही तिघांनीच खाल्ली. पोट अजून जड आहे.
पण तीन नियम ठरले. तिघं तर तिघं.

१२ नोव्हें.
वीज कार्यालयात गेले. साहेबांनी नियम नुसते वाचावेत, एवढंच मागणं. त्यांनी कागदाला हात लावला नाही. "मानकं ठरवायला सरकारी यंत्रणा आहे. तुम्ही कोण?"
"पेटीत हात घालणारे," म्हटलं.
कागद तसाच घेऊन बाहेर आले. पण बोलले ते बरं केलं.

१३ नोव्हें.
कागद वाचत नाहीत ना? शटरवर रंगवले. लाल ऑइलपेंट, टपोरी अक्षरं.
१. हिरवी वायर फक्त अर्थिंगला.
२. खटका पाडला की पेटीत कुठंच करंट नको.
३. झाकणाच्या आत जोडणीचं चित्र आणि जोडणाऱ्याचं नाव.
सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुकान बंद असल्यावरच दिसंल की ते."
मग लवकर बंद करत जाईन!

१७ नोव्हें.
अण्णा आले. बसले नाहीत. "सूनबाई, शटरवर माझं नाव न्हाय, पर आख्खं बेंबळी गाव मलाच हसायलंय. ह्याच पेट्यांवर लेकरं वाढवली म्या. माझी पेटी खोलणारी तू कोण?"
म्हटलं, "यूनुसला बघायला एकदा तरी आलात का अण्णा?"
गेले. यूनुस रागानं जेवला नाही. नाही जेवला तर नाही.

२० नोव्हें.
सकाळी बघते तर शटरला डांबर फासलेलं. कुणी फासलं ते विचारत बसले नाही. घासलं, पुन्हा रंगवलं. या वेळी पिवळ्यात आणि दुप्पट मोठं.
गंमत म्हणजे डांबर बघायला म्हणून चार वायरमन आले आणि भजी खाऊन आमच्यात सामील झाले. एकजण जाताना हळूच म्हणाला, "भाभी, माझ्याबी दोनचार पेट्या उलट्या हायत. उद्या सरळ करतो." मला इतका आनंद झाला की उरलेली भजी त्याला बांधून दिली.

२६ नोव्हें.
अण्णा पुन्हा आले. या खेपेला बसले. बराच वेळ टेस्टरशी चाळा करत होते.
"लई पेट्या हायत, सूनबाई. कुठल्या पेटीत काय फिरवलंय, ध्यानातच ऱ्हायना आता. परवा माझ्याच पेटीत हात घालायलो होतो. मालकानं मागं वढलं."
दया यायला हवी होती. संताप आला. सगळं डोक्यात ठेवलं, कुणाला म्हणून सांगितलं नाही, आणि आता डोक्यातूनही गेलं! पाणी दिलं. चहा नाही केला.
म्हटलं, गावोगाव सांगावं लागेल, तुमच्या पेटीला कुणी हात लावू नका म्हणून. नाव घेऊन.
"नाव नको. म्या मेल्यावर घे."
"तोवर दुसरं कुणी मरेल, अण्णा."
यूनुस मध्ये पडला नाही. पहिल्यांदाच.

२८ नोव्हें.
डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरूनच, लाईन बंद करून आज अण्णांना सोबत घेऊन पहिली पेटी उघडली. तीच, यूनुसला शॉक दिलेली. अण्णा पुढं झाले तर यूनुस म्हणाला, "उस्ताद, तुम्ही नको." डाव्या हातानं झाकण त्यानंच काढलं. आत बघून अण्णा खाली बसले. त्यांना स्वतःचीच जोडणी उमगेना.
अशा अजून किती, कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही.
परत आल्यावर शटर पाडलं. तिसऱ्या नियमाखाली जागा आहे. रंगाचा डबा उघडून ब्रश अण्णांच्या हातात दिला. "तुम्हीच लिहा. तुमचं पूर्ण नाव, पुढं: यांनी जोडलेली पेटी उघडू नका, आधी दुकानात सांगा."
'भगवान' एवढं लिहून थांबलेत. दिवेलागण झाली. रस्त्यावरचे लोक थांबून बघतायत. यूनुस म्हणतो, आडनाव तू लिही, सुटका कर त्यांची.
मी इथं आत खिडकीशी बसलेय. उठणार नाही.